गार

बाहेर सेहेचाळीस. कूबर पेडीचा रस्ता
तव्यासारखा. माझं दुकान जमिनीखाली,
सात पायऱ्या उतरलं की गार.
भिंतींवर अजून यंत्राच्या दातांचे वळ आहेत,
कुणीतरी इथे काही शोधलं होतं, सापडलं नव्हतं.

ती दोघं आली तेव्हा मी दिव्याखाली
कुणाचं तरी कानातलं जोडत होते.
मिर्याना, इस्पितळात रात्रपाळीची नर्स,
झ्वोंकोची मुलगी. आणि टॉड, पाण्याचा टँकर चालवतो;
दाराशी बूट झाडून आला, तरीही
लाल धूळ त्याच्या मागे पायरी पायरी उतरली.

त्याच्या फोनमध्ये अंगठी होती,
अ‍ॅडलेडच्या दुकानातली, हिऱ्याची.
किंमत खाली बारीक अक्षरांत, जणू लाजून.
"जमवलेत मी," तो म्हणाला.
मिर्यानाने फोन पालथा घातला
आणि पिशवीतून जॅमची बरणी काढली.

पाण्यात खडे. करडे, राखाडी, काही दुधट.
पॉच म्हणतात इथे.
ओपलच, पण रंग न उतरलेला;
सख्खा भाऊ, वाटणीत काही न आलेला.

एकतीस वर्षं खणलं झ्वोंकोने.
जे चमकलं ते हाँगकाँगच्या व्यापाऱ्याने नेलं,
त्यातून डिझेल, सुरुंगाची दारू,
मिर्यानाच्या दातांची तार, नर्सिंगची फी.
जे कुणी नेलं नाही ते या बरणीत.
दर रविवारी पाणी बदलायचा म्हणे,
मासे पाळल्यासारखं.

हिरा तो हिरा, गार ती गार:
हे ओठांपर्यंत आलं, गिळलं,
पण धंद्याचं तोंड, गप्प बसेना.
"पोरी, मऊ दगड हा. ओट्यावर आपटला की टवका.
तू दिवसातून चाळीस वेळा हात धुणार,
ते स्पिरिट, ते रबरी हातमोजे.
सोनं मी लावीन याच्याभोवती,
पण सोन्यालाच अवघडल्यासारखं होईल."

"मग कामावर जाताना काढीन."
"आणि?"
"आणि घरी आल्यावर घालीन."
चपलांबद्दल बोलावं तसं म्हणाली.

मी माझ्या बोटाकडे पाहिलं.
तिथे हिरा होता, चौऱ्याऐंशी सालापर्यंत.
जन्मभराचा, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं;
मी विकायला गेले तेव्हा तिसरा हिस्सा आला,
त्यात कॉम्प्रेसरचा पट्टा आणि दोन आठवड्यांचं पीठ.
स्टेलियोसने विचारलंही नाही, अंगठी कुठे गेली.
किंवा विचारलं असेल,
कॉम्प्रेसरच्या आवाजात.

टॉडने बरणी उचलून दिव्यासमोर धरली,
पाण्याच्या माणसाच्या सवयीने आधी पातळी पाहिली.
"यांच्या आतही पाणी असतं ना?"
"असतं. शंभरात पाच-सहा भाग."
"सुकलं तर?"
"तडकतो. कधी कधी. कधी नाही."
त्याने मान हलवली,
पुढचा रस्ता कच्चा आहे हे ऐकून घ्यावं तशी.

मग आम्ही तिघांनी ताटलीत खडे ओतले
आणि ओल्या बोटांनी एकेक फिरवत बसलो.
दुपार वर कुठेतरी करपत होती.
एकविसावा की बाविसावा, वाटाण्याएवढा,
करड्या अंगाला एका कडेने हिरवी रेघ,
केसाइतकी. असा धरला की दिसायची,
तसा धरला की नाही.
"ताताला दिसली नसेल," मिर्याना म्हणाली.
मला वाटतं, दिसली होती.
या वेळी मात्र मी तोंड मिटून घेतलं.

चांदीत की सोन्यात, विचारलं.
सोन्यात, टॉड म्हणाला, हट्टाने.
मग हिऱ्याच्या उरलेल्या पैशांवरून
पायऱ्या चढता चढता भांडू लागली:
तो म्हणत होता नवी टाकी,
ती म्हणत होती स्प्लिटचा समुद्र,
एकदा तरी, ताता जिथे पोहायला शिकला तिथे.

वरचं दार उघडलं, उन्हाचा लोट खाली आला,
दार लागलं.

बरणी इथेच विसरून गेली पोर.
रविवारी पाणी बदलायला हवं.